हलवलेला बिबट्या: जुन्नरच्या उसातलं एक प्रकरण

फेब्रुवारी २००१ पासून पुढची जवळजवळ तीन वर्षं जुन्नर वनविभागात एक मोहीम चालली. उसाच्या पट्ट्यातले बिबटे पिंजरे लावून पकडायचे आणि डोंगरातल्या जंगलात नेऊन सोडायचे. त्यामागचा विचार कुणालाही पटेल असाच होता. बिबट्याची जागा रानात, माणसाची गावात. वाट चुकून इकडं आलेल्याला त्याच्या घरी पोचवलं की दोघांचंही भलं. असे २९ बिबटे पकडल्या जागेपासून सरासरी ३९.५ किलोमीटर लांब सोडले गेले.

पुढं जे झालं ते वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडून दाखवलं. त्यांचा अभ्यास २०११ मध्ये ‘कॉन्झर्वेशन बायॉलॉजी’ या नियतकालिकात छापून आला. मोहिमेआधी, म्हणजे १९९३ पासूनच्या काळात, या भागात बिबट्याचे माणसावर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. मोहीम सुरू झाल्यावर ते सतरावर गेले. ३२५ टक्क्यांची वाढ. आणि या हल्ल्यांपैकी माणसाच्या जिवावर बेतलेल्यांचं प्रमाण दुप्पट झालं.

ज्या उपायानं हल्ले थांबायचे, त्याच उपायाच्या काळात ते चौपटीच्या वर गेले. त्या वर्षांत ज्यांच्या घरातलं मूल गेलं, त्यांना हे कुणी कधी समजावून सांगितलं का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. मी याच पट्ट्यात वाढले. लहानपणी दिवेलागणीनंतर अंगणाच्या पलीकडं जायचं नाही हा आमच्याकडं नियम होता. आज तोच नियम मी माझ्या भाचरांना सांगते. म्हणून हे प्रकरण पुन्हा सविस्तर मांडावंसं वाटलं. ‘पकडा आणि लांब नेऊन सोडा’ ही मागणी दर हल्ल्यानंतर नव्यानं उभी राहते, आणि ती करणाऱ्यांपैकी बहुतेकांना माहीत नसतं की हे याच मातीत एकदा करून झालेलं आहे.

जमीन कशी बदलली

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे पुणे जिल्ह्यातले तालुके येतात. पश्चिमेला सह्याद्री: नाणेघाट, माळशेज, भीमाशंकरचं अभयारण्य. हिरड्याची झाडं, भातखाचरं, पावसाळ्यात कोसळणारे धबधबे. तिथून पूर्वेला निघालं की तास-दीड तासात सगळा नकाशाच पालटतो. पाऊस कमी होत जातो आणि हिरवळ मात्र वाढत जाते, कारण इथली हिरवळ कालव्याची आहे. कुकडी, आर, मीना, घोड या नद्यांवर येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे, डिंभे अशी धरणं झाली. जिथं आमचे आजे बाजरी, मटकी, हुलगे घेत होते तिथं ऊस आला, मग द्राक्षं, केळी, टोमॅटो. साखर कारखाने उभे राहिले. घरं पत्र्याची होती ती स्लॅबची झाली. या उसावर आमची शिक्षणं झाली, बहिणींची लग्नं झाली, तेव्हा उसाला नावं ठेवण्याचा माझा मुळीच इरादा नाही. पण त्या उसानं आणखी एका कुटुंबाची सोय केली, हेही तितकंच खरं.

भर दुपारी बारा महिन्यांच्या उसात शिरून पाहा. चार सऱ्या आत गेलं की बांधावरचा माणूस दिसत नाही. पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याचा, थर पायाखाली इतका जाड असतो की स्वतःच्या पावलाचाच तेवढा आवाज येतो. बाहेर ऊन रणरणत असताना आत ओलसर गारवा असतो. लागणीपासून तोडणीपर्यंत ‘सुरू’ हंगामातल्या उसाला वर्ष लागतं, आडसालीला सोळा-अठरा महिने. बांधणी होऊन गेली की पुढं कितीतरी महिने पाणी देणाऱ्याखेरीज आत कुणी जात नाही. पाणी सरीत, सावली डोक्यावर, आणि रात्री शेताच्या कडेला खाद्य: भटकी कुत्री, डुकरं, मांजरं, उघड्यावर बांधलेली एखादी शेळी. बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला याहून निवांत जागा डोंगरातही सापडणार नाही.

बिबट्याची मादी साधारण तीन महिने गाभण राहते, एका वेताला बहुधा दोन-तीन बछडे होतात आणि ते दीड-दोन वर्षं आईच्या मागं राहतात. म्हणजे उसात जन्मलेला बछडा शिकार शिकतो ती उसातच. त्याला ओळखीचे आवाज म्हणजे मोटारीची घरघर, ट्रॅक्टर, देवळातला भोंगा. त्याची आई उसातली आणि बहुतेकदा आजीही उसातलीच. अशा जनावराबद्दल आपण बातमीत लिहितो, ‘बिबट्या मानवी वस्तीत घुसला’. घुसायला तो बाहेर होता कधी?

माझ्या मते २००१ ची मोहीम चुकली ती या एका शब्दापाशी. तो ‘आलेला’ आहे असं धरून चाललं की त्याला ‘परत पाठवणं’ हा ओघानंच सुचणारा उपाय होतो.

लांब सोडल्यावर काय होतं

प्रौढ बिबट्याचा स्वतःचा इलाखा असतो. नराचा मोठा, त्यात दोन-तीन माद्यांचे लहान. विष्ठा, मूत्र आणि झाडावरचे ओरखडे यांनी तो आखलेला असतो. कुठल्या वस्तीवर कुत्री किती, कुठला ओढा उन्हाळ्यातही वाहतो, कुठला माणूस किती वाजता बॅटरी घेऊन बांधावरून जातो, हे सगळं त्याच्या डोक्यात पक्कं असतं. माणसाला टाळायचं तर माणसाचं वेळापत्रक माहीत लागतं, आणि ते त्याला आपल्या इलाख्यात माहीत असतं.

त्याला पकडायचं म्हणजे काय होतं ते जवळून पाहिलेला माणूस विसरत नाही. पिंजऱ्याला दोन कप्पे असतात. मागच्या कप्प्यात शेळी किंवा कोंबडी, पुढचा रिकामा. बिबट्या आत शिरला, पाटावर पाय पडला की मागं दार धाडकन खाली येतं. सकाळी उजाडेपर्यंत तो गजांवर डोकं आपटत राहतो. नाकावरची कातडी सोलते, सुळे तुटतात, नखांतून रक्त येतं. मग गाव जमतं. शंभर-दोनशे माणसं, मोबाइल वर केलेले हात, पोरांच्या आरोळ्या. ज्या जनावरानं जन्मभर माणसापासून पन्नास पावलं लांब राहायचं शिकलं, त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर माणसांची भिंत. वनरक्षक काठ्या आडव्या धरून लोकांना मागं सारत असतो आणि त्याचंही कुणी ऐकत नाही.

त्यानंतर तो अनोळखी डोंगरात सोडला जातो. पाणी कुठं ठाऊक नाही. जागा रिकामी दिसली तरी रिकामी नसते, तिथं आधीचा बिबट्या असतो आणि तो याला टिकू देत नाही. मग हा चालायला लागतो. बऱ्याचदा घराच्या दिशेनं. वाटेत नवी गावं, नवी माणसं, कशाचाच अंदाज नाही. अंगावर जखमा, पोटात भूक. आणि तिकडं जिथून त्याला उचललं तिथं मोकळ्या झालेल्या इलाख्यासाठी दोन-तीन नवे दावेदार येतात, बहुधा वयात येणारे, वस्तीचं वेळापत्रक नीट न शिकलेले. म्हणजे पकडलं एका ठिकाणी आणि घडी विस्कटली दोन ठिकाणची. हल्ले का वाढले याची संशोधकांनी दिलेली कारणं याच वाटेनं जातात: पकडण्याचा आणि नेण्याचा ताण, अनोळखी प्रदेश, आणि माणसांशी झालेला तो जबरदस्तीचा निकट संबंध.

‘बिबट्या खरंच इतका चालतो का?’ असं विचारणाऱ्याला आजोबाची गोष्ट सांगावी लागते. २००९ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक वयस्क नर विहिरीत पडला. त्याला बाहेर काढलं, गळ्यात जीपीएस कॉलर घातली, कातडीखाली मायक्रोचिप बसवली आणि माळशेज घाटात सोडलं. त्याचा शांतपणा पाहून अभ्यासकांनी नाव ठेवलं आजोबा. आजोबा थांबले नाहीत. महिन्याभराच्या आत जवळपास १२० किलोमीटर चालत, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडून, कसाऱ्याची रेल्वे ओलांडून, वसईची खाडी पोहून ते मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाजवळ पोचले. एवढ्या वाटेत, इतक्या माणसांच्या कडेनं जाताना त्यांनी एकाही माणसाला धक्का लावला नाही. दोन वर्षांनी, डिसेंबर २०११ मध्ये, महामार्गावर गाडीच्या धडकेत एक बिबट्या मेलेला सापडला. मायक्रोचिप वाचली तेव्हा कळलं की हे तेच.

मला या गोष्टीतली खाडी फार लागते. आपण घाटात दार उघडून गाडी वळवून परत येतो, आणि आपल्या लेखी प्रश्न मिटलेला असतो. त्याच रात्री तो चालायला लागलेला असतो.

शेजारच्या अकोल्यात

जुन्नरच्या उत्तरेला लागून अकोले तालुका आहे, पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. तिथलं खोरंही तसंच: ऊस, विहिरी, वस्त्या, दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं. जंगल म्हणावं असं तिथं जवळ काही नाही. विद्या अत्रेय यांच्या चमूनं तिथं ट्रॅप कॅमेरे, म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावले आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे ४.८ प्रौढ बिबटे, आणि जवळजवळ तितकेच तरस. इतके बिबटे असूनही माणसांवरचे हल्ले तिथं विरळा होते.

त्याच भागात कॉलर घातलेल्या बिबट्यांच्या नोंदींवरून दिसलं की रात्री ते कित्येकदा घरांपासून पंचवीस मीटरच्या आत येऊन जातात. घरातल्यांना पत्ता नसतो. विष्ठा तपासली तेव्हा खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के. शेळ्या ११ टक्के. त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट होती, तरीही. याचं कारण साधं आहे: शेळी रात्री गोठ्यात कोंडलेली असते, कुत्रं मोकळं असतं.

हा आकडा वाचला तेव्हा मला आमच्या मळ्यातला गोठा आठवला. आजोबा (माझे, बिबट्या नव्हे) शेळ्यांना संध्याकाळी कुडाच्या आत घालून दार लावून त्याला आडवा दांडा सारत. त्याशिवाय जेवायला बसत नसत. पुढं कुडाच्या जागी पत्र्याची उघडी शेड आली, हवेशीर, स्वच्छ, गाई मावतील अशी, आणि दार गेलं. त्या एका दारानं किती शेळ्या वाचत होत्या याचा हिशेब आम्ही कधी केला नव्हता.

अकोल्यातल्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांवर वाघोबाचे दगड आहेत, शेंदूर लावलेले, काहींवर वाघ कोरलेला. वसुबारसेच्या दिवशी तिकडं वाघबारस करतात. गुराखी पोरं वाघ, अस्वल, कोल्हा बनून नाचतात, वाघोबाला नैवेद्य दाखवतात आणि गुरांना सांभाळ म्हणून गाऱ्हाणं घालतात. यातून बिबट्या माणसाळतो असं माझं म्हणणं नाही. पण तिथली म्हातारी माणसं बिबट्याबद्दल बोलताना ‘तो’ कुठून जातो, कुठं पाणी पितो, हे शेजाऱ्याबद्दल सांगावं तसं सांगतात. मोहिमेच्या काळात जुन्नरच्या बागायती पट्ट्यात नेमकी ही माहितीच कुणी विचारात घेतली नाही. बागायत नवी, कष्टकरी बाहेरगावचे, आणि पकडून रिकाम्या केलेल्या जागी आलेला बिबट्याही नवा. एकमेकांची सवय व्हायला वेळच मिळाला नव्हता.

पिंजरा कुणासाठी

२०११ मध्ये केंद्राच्या पर्यावरण आणि वन मंत्रालयानं बिबट-मानव संघर्षाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. जुन्नरचा अनुभव त्यामागं होता. बिबट्या नुसता दिसला म्हणून पकडू नये, पकडून लांब सोडणं हा उपाय धरू नये, गर्दी आवरावी, भरपाई वेळेत द्यावी, असा त्याचा रोख. कागदावर उत्तम.

प्रत्यक्षात कुणाच्या कॅमेऱ्यात रात्री बिबट्या दिसला की सकाळी व्हिडिओ गावभर फिरतो आणि दुपारी वनखात्याच्या दारात पिंजऱ्याची मागणी येते. सरपंच, मग तालुक्यातले पुढारी, मग वरून फोन. वनपालाला ठाऊक असतं की तो बिबट्या गेली तीन वर्षं तिथंच आहे आणि त्यानं कुणाला काही केलेलं नाही. पण पिंजरा न लावता उद्या काही झालं तर त्याची मान अडकते. म्हणून पिंजरा लागतो, आणि जो आधी सापडतो तो बिबट्या जातो. एका वनरक्षकानं मला सांगितलं होतं, ‘ताई, पिंजरा दिसला की लोकांना झोप लागते. आम्हालाही कळतं, पण लोकांना झोप तर हवी ना.’ मी त्याला दोष देऊ शकत नाही.

पकडलेल्यांपैकी अनेकांचा मुक्काम माणिकडोह धरणाजवळच्या बिबट निवारा केंद्रात असतो. वनखातं आणि ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही संस्था मिळून ते २००७ पासून चालवतात. तिथले डॉक्टर आणि मदतनीस फार जीव लावून काम करतात; विहिरीत पडलेल्या, तारेत अडकलेल्या, गाडीखाली आलेल्या कितीतरी जनावरांना त्यांनी उभं केलं आहे. पण निवारा म्हटला तरी पिंजराच, आणि त्यालाही मर्यादा आहे. तालुक्यातला प्रत्येक बिबट्या तिथं मावणार नाही. मावला तरी ऊस उभा असेपर्यंत रिकाम्या जागी दुसरा येणारच.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण वन्यजीवांवर प्रेम करणारी शहरातली माणसं ती कधीकधी गाळतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबुत परिसरात तीन आठवड्यांत तीन माणसं गेली, त्यांत दोन लहान मुलं होती. लोक महामार्गावर उतरले. शेतात जाणाऱ्या बाया गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे घालायला लागल्या. पूर्वी धनगरांच्या कुत्र्यांना घालत तसे. ज्या आईला गवत कापायला निघताना गळ्यात खिळे बांधावे लागतात तिला सहजीवनावर व्याख्यान देण्याचा अधिकार कुणालाही नाही. माणसावर एकदा नाही, लागोपाठ हल्ले करणारं जनावर त्या जागेवरून तातडीनं काढलंच पाहिजे, आणि जिवंत पकडता येत नसेल तर मारलंही पाहिजे. त्या नोव्हेंबरात एक बिबट्या गोळी घालून मारला गेला, आणि त्याबद्दल मला तक्रार करावीशी वाटत नाही.

माझं म्हणणं एवढंच की ‘तो’ बिबट्या आणि ‘एखादा’ बिबट्या यांत फरक करा. ठसे, ट्रॅप कॅमेऱ्यातले ठिपके, जखमेवरच्या लाळेचा नमुना, यांवरून हल्लेखोर ओळखता येतो. प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. ओळख पटवायला दोन-चार दिवस लागतात आणि तेवढे दिवस संतापलेल्या गावासमोर उभं राहायला माणसं लागतात. ती माणसं खात्याकडं पुरेशी नाहीत. कितीतरी गावांमागं एक वनरक्षक, त्याच्याकडं दुचाकी, आणि पिंजरा वाहून न्यायला भाड्याचा टेम्पो, अशा अवस्थेत ओळख वगैरे बाजूला पडते.

रात्रीची लाईट

हल्ल्यांच्या जागा आणि वेळा मी इतक्या वर्षांत जेवढ्या ऐकल्या त्यांत काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. संध्याकाळी अंगणात खेळणारं मूल. उसाच्या कडेला शौचाला बसलेलं माणूस. वाकून गवत कापणारी बाई. उसतोड मजुरांच्या कोपीबाहेर झोपलेलं लेकरू. बसलेला किंवा वाकलेला माणूस बिबट्याला माणसाच्या आकाराचा दिसत नाही, लहान जनावरासारखा दिसतो, असं वनखात्याचे लोक गावोगाव सांगत फिरतात आणि ते खरं आहे.

आणि दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला, जाणारा शेतकरी. शेतीपंपाला थ्री फेज वीज आळीपाळीनं मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की बारा वाजता लाईट येते आणि माणूस अंथरुणातून उठून उसाकडं निघतो. एका हातात खोरं, दुसऱ्यात बॅटरी, खिशात मोबाइलवर भजन मोठ्यानं लावलेलं. भजन भक्तीपोटी असतंच, पण आवाजासाठीही असतं. या पट्ट्यातले शेतकरी कितीतरी वर्षं दिवसा वीज मागत आहेत. बिबट्याचा प्रश्न वनखात्याचा आणि विजेचा प्रश्न वीजखात्याचा, अशा दोन फायली असल्यामुळं तो माणूस मधल्या अंधारात उभा राहतो. मला विचाराल तर जुन्नरला बिबट्यांपासून वाचवण्यासाठी खर्चायचा पहिला रुपया दिवसाच्या विजेवर खर्चावा, दुसरा संडासांवर आणि तिसरा बंद गोठ्यांवर. पिंजऱ्यांचा नंबर त्यानंतर.

मजुरांचं वेगळं सांगावं लागेल. बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात आणि सहा महिने उसाच्या कडेलाच पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोपीत राहतात. दार नाही, दिवा नाही. पहाटे चारला आईबाप फडात जातात आणि लेकरं कोपीत. बिबट्याच्या मादीनं जी जागा पिल्लांसाठी निवडली त्याच्याच काठावर माणसाची पिल्लं. या मुलांसाठी पक्क्या, दार असलेल्या निवाऱ्याची सोय गाळपाच्या परवान्याशी बांधली पाहिजे. माणूस गेल्यावर सरकार वारसांना २५ लाख रुपये देतं. त्यातल्या थोड्याशा पैशात कितीतरी कोप्यांना दारं लागतील.

क्रेट

शेवटी एक संध्याकाळ सांगते. मागच्या गळीत हंगामातली, आमच्या शेजारच्या गावची.

सकाळी तोड सुरू होती. एका बाईनं पाचट बाजूला केलं तर खाली दोन बछडे. डोळे नुकते उघडलेले, निळसर, मांजराच्या पिल्लाएवढे. टोळी बाजूला झाली, मुकादमानं वनखात्याला फोन लावला. पूर्वी असे बछडे कौतुकानं घरी नेले जायचे, पोरं मांडीवर घेऊन फोटो काढायची, आणि रात्री आई शोधत वस्तीवर यायची. चवताळलेली. आता बहुतेक गावांना कळलंय की हात लावायचा नाही.

दुपारी माणिकडोहहून डॉक्टर आले. बछडे तपासले, अंगावरच्या गोचिड्या काढल्या, थोडं पाणी पाजलं. एक नर, एक मादी. सूर्य कलल्यावर जिथं सापडले नेमक्या त्याच सरीत प्लास्टिकचा क्रेट ठेवला, आपण टोमॅटो भरतो तसला, वर आईला पंजानं सरकवता येईल असं हलकं झाकण. समोर खुंटीला ट्रॅप कॅमेरा. मग सगळे मागं.

शेताचे मालक सत्तरीचे. ते हटेनात.

‘अण्णा, आज फडाकडं कुणी फिरकायचं नाही. गाडीचा उजेडसुद्धा नको,’ वनपाल म्हणाले.

‘आन् नाही आली तर?’

‘उद्या परत ठेवू.’

‘ती येतीय,’ अण्णा म्हणाले. ‘गाय येती का न्हाई वासराकडं?’

पावणेनऊला आली, असं कॅमेऱ्यात नंतर दिसलं. आधी दहा मिनिटं फ्रेमच्या कडेला नुसते दोन डोळे. मग ती पोट जमिनीला लावून पुढं आली, क्रेट हुंगला, पंजानं झाकण ढकललं. एकाला मानेला धरून घेऊन गेली. क्रेटमधला दुसरा बछडा काठावर पाय टेकून उभा राहिला आणि पडला, पुन्हा उभा राहिला. पस्तीस मिनिटांनी ती त्याच्यासाठी परत आली.

ती पूर्वेला, शेजाऱ्याच्या उसात गेली होती. वनपालांनी रात्रीच त्याला फोन करून सांगितलं. त्यानं कुत्री आत घेतली, शेळ्या पडवीत बांधून दाराला जुना पलंग लावला आणि त्या आठवड्याची पाण्याची पाळी पुढं ढकलली. त्याच्या उसाला तोड यायला अजून दीड महिना होता. तोवर बछडे आईच्या मागं चालायला लागले असते.

सकाळी टोळी आली तेव्हा क्रेट रिकामा होता. त्या बाईनं तो उचलून बांधावर ठेवला आणि राहिलेल्या सऱ्या तोडायला घेतल्या.